टीव्हीवर जिंकलेला दर्जी पुढे काय करतो?

दहावीच्या वर्गात "पुढे काय करणार?" असे विचारले की अलीकडे दोन-तीन मुली तरी हमखास सांगतात, "सर, फॅशन डिझायनर." पंधरा वर्षांपूर्वी याच बाकांवरून डी.एड., नर्सिंग अशी उत्तरे यायची. शिवणकाम आपल्या घरांना नवे नाही. रमजानचे शेवटचे दहा दिवस आले की ज्या घरात मशीन आहे तिथे तरावीहनंतर सहेरीपर्यंत मशीन थांबत नाही, आणि मोहल्ल्यातल्या बायका "बाजी, चांदरातीपर्यंत होईल ना?" म्हणून उंबऱ्यावर उभ्या असतात. नवा आहे तो शब्द. शिवणारी ती दर्जी, आणि मोबाईलवरच्या स्पर्धेत परीक्षकांसमोर उभी राहते ती डिझायनर, असा फरक मुलींच्या मनात बसला आहे.

या स्पर्धांमध्ये काय होते ते सगळ्यांना ठाऊक असते. स्पर्धा संपल्यावर त्या माणसाचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. पालकांना तर तेच कळायला हवे, कारण घर चालते ते त्या पुढच्या वर्षांवर. म्हणून हा लेख.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली स्पर्धा अमेरिकेतली 'प्रोजेक्ट रनवे'. डिसेंबर 2004 मध्ये ती सुरू झाली आणि आजवर तिचे वीसहून अधिक हंगाम झाले. डझनभर शिवणारे न्यूयॉर्कमध्ये एकत्र ठेवायचे, दर आठवड्याला एक काम द्यायचे, एक-दोन दिवसांत पोशाख शिवून मॉडेलच्या अंगावर चढवायचा आणि दर वेळी एकाला घरी पाठवायचे, असा खेळ. पहिल्याच भागात स्पर्धकांना 50 डॉलर देऊन किराणा दुकानात सोडले होते. तिथे मिळेल त्यातून कपडा करायचा होता. जो जिंकला त्याने मक्याच्या कणसांच्या सालींचा पोशाख केला. बघायला मजा येते. पण मक्याच्या साली नेसून कोणी लग्नाला जात नाही आणि असला पोशाख दुसऱ्यांदा शिवायची ऑर्डरही येत नाही.

अंतिम फेरीत पोहोचलेल्यांना काही हजार डॉलर आणि काही आठवडे मिळतात. तेवढ्यात दहा-बारा पोशाखांचा संग्रह तयार करून न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये दाखवायचा. जिंकणाऱ्याला सुरुवातीच्या हंगामांत एक लाख डॉलर मिळत. आकडा मोठा वाटतो. न्यूयॉर्कमधले जागेचे भाडे, चार कारागिरांचा पगार, कापड आणि एक फॅशन शो यांत तो किती दिवस पुरेल, याचा अंदाज आपल्याकडच्या कुठल्याही दुकानदाराला येईल.

मग अशी स्पर्धा देते तरी काय? एक उदाहरण मुंबईचे आहे. नईम खान हे मुंबईत जन्मलेले, भरतकामाचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरातले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते न्यूयॉर्कला गेले आणि हॅल्स्टन या नामांकित डिझायनरच्या हाताखाली शिकले. स्वतःच्या नावाचा ब्रँड त्यांनी काढला तो 2003 मध्ये. नोव्हेंबर 2009 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्यासाठी व्हाइट हाउसमध्ये शाही मेजवानी झाली, तेव्हा मिशेल ओबामांनी त्यांचाच गाऊन घातला होता. शिकायला सुरुवात केल्यापासून स्वतःच्या नावाची पाटी लागेपर्यंत साधारण पंचवीस वर्षे गेली. टीव्हीची स्पर्धा ही पंचवीस वर्षे तीन-चार महिन्यांवर आणते. नाव लवकर होते. हात तयार व्हायला लागणारा वेळ मात्र तेवढाच राहतो.

आणि नावाचीही किंमत असते. पहिल्या हंगामाचा विजेता जे मॅकॅरोल. 2005 च्या सुरुवातीला तो जिंकला आणि त्याने एक लाख डॉलर घ्यायला नकार दिला. कारण करारात होते. बक्षीस घेतले तर पुढच्या कमाईतला दहा टक्के वाटा निर्मात्यांना जाणार होता. आज शंभर घ्या आणि पुढे जन्मभर शंभरातले दहा देत राहा, असा तो व्यवहार. त्याने तो केला नाही. पैसा नसल्यामुळे स्वतःचा पहिला शो उभा करायला त्याला बरीच धडपड करावी लागली. त्या धडपडीवर 'इलेव्हन मिनिट्स' नावाचा माहितीपट निघाला. महिनोन्महिने राबून रनवेवर जेमतेम अकरा मिनिटे, असा त्या नावाचा अर्थ. हे कलम निर्मात्यांनी नंतर काढून टाकले. मॅकॅरोल पुढे फार मोठा ब्रँड झाला नाही, तरी मला तो या सगळ्यांत शहाणा वाटतो. बाविशी-पंचविशीतला किती जण सही करण्याआधी शेवटचे पान वाचतात?

हे इथे मुद्दाम लिहितो आहे. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीची अम्मी कागद घेऊन शाळेत आली. कुठल्याशा ऑडिशनचा फॉर्म होता. नोंदणीची फी आधी भरायची आणि मुलीचे फोटो, तिची डिझाइन्स "कुठेही, कधीही" वापरायची परवानगी आधीच द्यायची, असे त्यात लिहिले होते. इंग्रजी बारीक अक्षरांत. "सर, फक्त फीचे विचारायला आले होते," त्या म्हणाल्या. फी हा त्यातला सगळ्यात छोटा प्रश्न होता. ज्या डिझाइनवर मुलीला उद्या पोट भरायचे आहे ते आजच कोणाच्या हवाली करायचे का, हे आधी ठरवायला हवे. त्या फॉर्म परत घेऊन गेल्या.

दुसऱ्या हंगामाची विजेती क्लोई डाओ हिच्याविषयी थोडे सांगतो, कारण तिची गोष्ट आपल्या घरांच्या जवळची आहे. जन्म लाओसमधला, कुटुंब मूळचे व्हिएतनामी, आणि घरात आठ मुली. देश सोडून पळावे लागले, थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत दिवस काढावे लागले आणि 1979 मध्ये हे कुटुंब अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरात पोहोचले. आठ मुलींच्या आईवडिलांना नातेवाईक काय म्हणाले असतील, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. क्लोईने न्यूयॉर्कला जाऊन शिक्षण घेतले, तिथे नोकरी केली आणि 2000 मध्ये ह्यूस्टनला परतून कपड्यांचे दुकान काढले. दुकानाचे नाव 'लॉट 8', आठ बहिणींवरून. म्हणजे 2006 मध्ये ती टीव्हीवर जिंकली तेव्हा तिच्या गल्ल्याला सहा वर्षे झाली होती. कोणत्या बाईला कोणता घेर शोभतो, कोणती गिऱ्हाईक परत येते, कोणते कापड पडून राहते, हे सगळे ती आधीच शिकलेली होती. जिंकल्यावर तिने न्यूयॉर्कला बिऱ्हाड हलवले नाही. दुकान ह्यूस्टनमध्येच ठेवले, पुढे टीव्हीवरून घरबसल्या खरेदी करणाऱ्या बायकांसाठी परवडणारे कपडे काढले. मासिकांच्या मुखपृष्ठांवर ती फारशी दिसली नाही. तिचा धंदा मात्र चालला.

आता ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे वळतो. क्रिश्चन सिरियानो. चौथ्या हंगामाचा विजेता. मार्च 2008 मध्ये जिंकला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता, तोवरच्या विजेत्यांत सर्वांत लहान. त्याच्या मागोमाग दुसऱ्या क्रमांकावर रामी काशू होता, जेरुसलेममध्ये जन्मलेला आणि रामल्लात वाढलेला पॅलेस्टिनी तरुण. कापड न कापता अंगावर चुण्या पाडत जाण्यात त्याचा हात फार सुंदर होता, आणि मला व्यक्तिशः त्याचेच काम जास्त आवडते. पण जिंकला सिरियानो.

सिरियानो अमेरिकेतल्या अ‍ॅनापोलिस गावचा. कलाशाळेत शिकला, मग लंडनला गेला. तिथे व्हिव्हियन वेस्टवुड आणि अलेक्झांडर मॅक्वीन या दोन मोठ्या डिझायनरांकडे त्याने उमेदवारी केली. उमेदवारी म्हणजे आपल्याकडे उस्तादाच्या दुकानात काज-बटण करत बसतात तीच. न्यूयॉर्कला आल्यावर खासगी गिऱ्हाइकांचे लग्नाचे पोशाख शिवून तो दिवस काढत होता. टीव्हीवर पोरगा फटकळ दिसला, त्याच्या बोलण्याच्या नकला झाल्या, पण तो भराभर आणि नीट शिवत होता. इतर जण अजून कटिंगवर असताना त्याची इस्त्री सुरू झालेली असे. टीव्हीवर ती जादू वाटते. ज्याने दोन वर्षे दुसऱ्याच्या दुकानात टाके घातले आहेत त्याला ती जादू वाटत नाही.

जिंकल्यावर तो लगेच कामाला लागला. त्याच वर्षी न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये स्वतःचा संग्रह दाखवला आणि सोबत पेलेस या स्वस्त चपला-बुटांच्या साखळीशी करार केला. सामान्य कुटुंबे शाळा सुरू होताना जिथे मुलांचे बूट घेतात तसले हे दुकान. फॅशनच्या जगात अशा दुकानाशी नाव जोडले की नाक मुरडतात. सिरियानोने जोडले. हा करार बरीच वर्षे चालला.

यामागचे गणित समजून घ्यावे, कारण आपल्या मालेगाव-भिवंडीच्या व्यापाऱ्यांना ते तोंडपाठ आहे. मोठे दुकान डिझायनरला ऑर्डर देते तेव्हा पैसे देत नाही. कापड, अस्तर, चेन, शिलाई, सगळा खर्च डिझायनरने आधी करायचा. माल पोहोचल्यावर महिना-दोन महिन्यांनी पैसे येणार. त्यातही माल खपला नाही तर भाव उतरवायचा आणि त्या उतरलेल्या भावाचा बोजा पुष्कळदा डिझायनरच्याच खात्यावर. म्हणजे ऑर्डर जितकी मोठी तितका खड्डा मोठा. कितीतरी हुशार मुले टीव्हीवरून थेट या खड्ड्यात पडली. चपलांसारखा करार असला की नावाचे पैसे वेगळे येतात आणि त्यावर शिवणखाना चालतो. 2012 मध्ये सिरियानोने न्यूयॉर्कमध्ये स्वतःचे दुकान उघडले आणि 2013 मध्ये अमेरिकेतल्या डिझायनरांच्या मानाच्या संस्थेने त्याला सदस्य करून घेतले. टीव्हीवर जिंकल्यानंतर पाच वर्षांनी! तोवर मोठ्या डिझायनरांच्या लेखी तो टीव्हीवाला पोरगाच होता.

त्याचे खरे नाव झाले ते 2016 च्या उन्हाळ्यात. लेस्ली जोन्स ही अमेरिकेतली विनोदी अभिनेत्री. कृष्णवर्णीय, सहा फूट उंच, अंगाने भरलेली, वय पन्नाशीकडे झुकलेले. तिच्या 'घोस्टबस्टर्स' या चित्रपटाचा पहिला खेळ होता आणि तिने जाहीरपणे सांगितले की मला त्या दिवसासाठी कपडे द्यायला एकही डिझायनर तयार नाही. सिरियानोने हात वर केला. लाल रंगाचा लांब गाऊन तिच्या मापाने शिवला. जुलैमध्ये ती तो घालून आली आणि सगळीकडे तिचे फोटो छापून आले. त्याच महिन्यात मिशेल ओबामांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात भाषण केले, तेव्हा त्यांच्या अंगावर सिरियानोचाच निळा पोशाख होता.

इतर डिझायनर नको का म्हणाले असतील? मनाचा कोतेपणा असेलच, पण त्यात शिलाईचेही कारण आहे. डिझायनरकडे प्रत्येक पोशाखाचा एकच नमुना असतो आणि तो सडपातळ मॉडेलच्या मापाचा. नट्यांना तोच नमुना एका संध्याकाळपुरता देतात. ज्या बाईला तो बसत नाही तिच्यासाठी नव्याने बेतावे लागते. आणि मोठे माप म्हणजे लहान माप सगळ्या बाजूंनी दोन-दोन इंच वाढवणे नव्हे. खांदा तेवढ्याच प्रमाणात वाढत नाही, मुंढा खोल करावा लागतो, टक्स सरकतात, पाठ वेगळी बसते, शिवणीवर ताण येतो म्हणून अस्तर वेगळे लागते. घरी शिवणाऱ्या बहिणींना हे सांगायची गरज नाही. दुकानातला तयार बुरखाच पाहा. त्यावर 52, 54, 56 असे आकडे असतात, ते लांबीचे. रुंदीचा विचार त्यात नसल्यासारखाच. त्यामुळे बुटक्या आणि अंगाने भरलेल्या बाईने मोठा घ्यायचा आणि खालून चार इंच कापून पुन्हा दुमड शिवून घ्यायची. वर्षानुवर्षे हेच चालले आहे आणि कोणाला यात धंदा दिसला नाही.

सिरियानोला दिसला. त्याने सगळ्या मापांचे कपडे काढले, मोठ्या मापांच्या कपड्यांच्या एका प्रसिद्ध कंपनीसाठीही काम केले आणि आपल्या शोमध्ये सडपातळ मॉडेलांच्या बरोबरीने भरल्या अंगाच्या बायका चालवल्या. मापे वाढवल्याने धंदा तिपटीने वाढला, असे त्याने मुलाखतींत सांगितले आहे. त्याचे सगळेच पोशाख आपल्या घरात चालण्यासारखे नाहीत. ते सोडून द्या. ज्या गिऱ्हाइकाला बाकीच्यांनी दारातून परत पाठवले त्याला आत घेऊन नीट माप घेणे, एवढी एक गोष्ट त्याने केली आणि ती टीव्हीवर कोणी त्याला शिकवली नव्हती. 2018 मध्ये 'टाइम' साप्ताहिकाच्या शंभर प्रभावशाली व्यक्तींच्या यादीत तो आला. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कमध्ये मास्कचा तुटवडा झाला, तेव्हा आपले शिवणारे लोक कामाला लावतो असे त्याने गव्हर्नरांना कळवले आणि गाऊन बाजूला ठेवून मास्क शिवून दिले. त्याच्या आदल्या वर्षीच, 2019 मध्ये, तो 'प्रोजेक्ट रनवे'त परतला होता, या वेळी स्पर्धकांना वाट दाखवणारा म्हणून.

एक शंका पालकांच्या, विशेषतः अब्बांच्या, मनात असते. मुलगी या क्षेत्रात गेली तर तिच्या पोशाखाचे, तिच्या मर्यादेचे काय? त्यासाठी 2017 चा सोळावा हंगाम पाहावा. त्यात अमेरिकेतल्या युटा राज्यातली अयाना इफे ही तरुणी होती. हिजाब घालणारी मुस्लिम मुलगी. तिने पहिल्यापासून सांगितले की मी अंग झाकणारे कपडे शिवते. परीक्षकांसमोर तिचे पोशाख आले ते पूर्ण बाहीचे, पायघोळ, आणि तरीही डोळ्यांत भरणारे. त्याच हंगामात पहिल्यांदा वेगवेगळ्या अंगलटीच्या मॉडेल घेतल्या होत्या, त्यामुळे दर आठवड्याला नवे माप समोर यायचे. अयाना शेवटपर्यंत टिकली, न्यूयॉर्क फॅशन वीकमध्ये तिचा संग्रह दाखवला गेला आणि ती दुसरी आली. तिला ना हिजाब काढावा लागला, ना बाही कापावी लागली. झाकलेला कपडा बेतायला जास्त अवघड असतो, असे माझे मत आहे. कापड जास्त, घेर जास्त, आणि चालताना तो अंगाला चिकटता कामा नये की तंबूही होता कामा नये. कापडाची जात कळल्याशिवाय ते साधत नाही.

आता आपल्या घरातल्या मुलीचे. तिला खरेच आवड असेल तर सुरुवात ऑडिशनपासून करायची गरज नाही. शाळेत असतानाच एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा द्याव्यात. शाळेतून अर्ज भरता येतो आणि दहावीला त्याचे वाढीव गुणही मिळतात. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. तो केलेल्या मुलीला निदान बेतता येते, मशीनची दुरुस्ती कळते आणि पहिल्या महिन्यापासून चार पैसे मिळवता येतात. बारावीनंतर पदवी करायची तर निफ्ट ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिचे मुंबई केंद्र नवी मुंबईत खारघरला आहे. प्रवेश परीक्षा अवघड असते. फी भरपूर आहे, त्यामुळे शिष्यवृत्त्यांची माहिती अकरावीतच काढायला घ्यावी, बारावीचा निकाल लागल्यावर नव्हे. त्या परीक्षेत एक टप्पा असा असतो की समोर थोडेसे साहित्य ठेवतात आणि ठरलेल्या वेळेत त्यातून काहीतरी करून दाखवायला सांगतात. कागद, तार, कापडाचे तुकडे असे काहीबाही. सरावासाठी घरातली कातरणांची पिशवी पुरते. आठवड्यातून एकदा ती पिशवी मुलीसमोर रिकामी करा, घड्याळ लावा आणि दोन तास तिला कोणी हाक मारू नका.